खरपुडीचं नाव विचारायला विद्यापीठात

विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात बाहेरच्या माणसाला जाता येतं का, कुणाला विचारायचं, सोबत काय न्यायचं, हे मला जाण्याआधी कुणी नीट सांगू शकलं नव्हतं. घरामागे उगवणाऱ्या खरपुडी नावाच्या रानवेलाची जात ओळखून घ्यायला २०२४ च्या २९ ऑगस्टला मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात जाऊन आले आणि तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले, डोंगर फिरणारे ओळखीचे असे बरेच जण तेच प्रश्न मला विचारत आहेत. म्हणून जसं घडलं तसं सगळं इथे लिहून ठेवते. मी वनस्पतीशास्त्र शिकलेली नाही. बी.कॉम. झाले, पतसंस्थेत नोकरी करते, आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरप्याजवळच्या एका वाडीत आहे. हे आधीच सांगते, कारण 'आपण कोण लागून गेलो विद्यापीठात जाऊन विचारणारे' हा विचार माझ्याही मनात कित्येक दिवस होता.

सुरुवात २०२३ च्या सप्टेंबरमधली. घरामागच्या चढावर, गवतात, कारवीच्या काडीला गुंडाळलेला एक बारीक वेल सासूबाईंनी दाखवला. पानं लवदार. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं, खाली फुगीर, मध्ये नळीसारखं, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून पिंजरा झालेला. पाकळ्यांवर गडद जांभळी छटा. सासूबाई म्हणाल्या, "ही खरपुडी. आमच्या लहानपणी गुरं राखणारी पोरं हिचा कांदा उकरून कच्चाच खायची. तेव्हा रान भरलेलं असायचं हिने. आता दिसते कुठे?"

त्यांचा तो 'आता दिसते कुठे' माझ्या डोक्यातून जाईना. फोटो काढले, दोन-तीन गटांवर पाठवले. प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं: हमण, पाताळतुंबडी, कंदीलपुष्प. फोनवरच्या ॲपने 'सेरोपेजिया' इथपर्यंत आणून सोडलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की सेरोपेजिया ही एक वनस्पती नाही, ती प्रजाती आहे. तिच्यातल्या बऱ्याच जाती फक्त सह्याद्रीत आढळतात, आणि त्यातल्या काही तर एखाद्या-दोन डोंगरांपुरत्याच उरल्या आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवर सापडलेली एक जात तर २००६ साली पहिल्यांदा शास्त्रात नोंदवली गेली, म्हणजे आपण मोठे झाल्यावर. मग आमच्या चढावरची यातली कोणती?

हे विचारायला कुठे जावं याचा शोध घेईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. वेल सुकून नाहीसा झाला. पावसाळा सरला की वरचा सगळा भाग वाळतो आणि जमिनीतला कांदा पुढच्या पावसापर्यंत झोपून राहतो. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांनी फोटो बघून सांगितलं, "फोटोवरून मी ठाम सांगणार नाही. कोल्हापूरला जा. सेरोपेजियासाठी तेवढी चांगली जागा दुसरी नाही. पण फूल घेऊन जा." फूल आता वर्षभर येणार नव्हतं. त्या वर्षभरात मी काय केलं, तर वाचलं आणि वेलाची जागा लक्षात ठेवली. चढावर त्या जागेभोवती चार धोंडे मांडले आणि गवत कापायला येणाऱ्या गड्याला सांगून ठेवलं की एवढ्या जागेत कोयता घालू नको.

कोल्हापूरचंच उद्यान का, हे थोडं सांगायला हवं. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. तिथल्या वनस्पतीशास्त्र अधिविभागाच्या उद्यानाला केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने 'लीड बोटॅनिकल गार्डन' म्हणून मदत दिली. उद्देश असा की आपल्या भागातल्या दुर्मीळ आणि फक्त इथेच आढळणाऱ्या वनस्पती एका ठिकाणी जिवंत सांभाळाव्यात, त्यांची रोपं तयार करावीत. वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियांवर, तिथे कित्येक वर्षं काम केलेलं आहे. जोडीला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, म्हणजे हर्बेरियम, आहे. जगभरातल्या नोंदणीत तो 'एसयूके' या अक्षरांनी ओळखला जातो. म्हणजे जिवंत झाड, वाळवलेला नमुना आणि दोन्ही वाचू शकणारी माणसं एकाच आवारात. विद्यापीठाची बाग आणि शहरातली फिरायची बाग यांत फरक आहे तो इथे. इटलीतल्या पिसा आणि पदुआ या विद्यापीठांनी १५४४-४५ मध्ये अशा बागा सुरू केल्या त्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं हातात घेऊन ओळखता यावीत म्हणून. बाक, कारंजं, फुलांचे ताटवे ही अपेक्षा घेऊन जाऊ नका. ती काम चालू असलेली जागा आहे.

२०२४ चा जून लागला, पाऊस पडला, आणि धोंड्यांच्या मध्ये कोंब वर आला. त्या दिवशी घरात मी सगळ्यांना हाक मारून तो दाखवला.

दुसऱ्याच आठवड्यात फोनाला लागले. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अधिविभागांची यादी असते, तिथून सुरुवात करावी. काय विचारायचं ते मी कागदावर आधी लिहून घेतलं होतं आणि त्याचा खूप उपयोग झाला, कारण फोन उचलणारा माणूस कामात असतो आणि आपण 'म्हणजे त्याचं असं झालं' करत बसलो तर दोघांचाही वेळ जातो. माझं वाक्य हे होतं: "आमच्या जमिनीत कंदीलपुष्प आहे, त्याची जात ओळखून हवी आहे आणि उद्यान बघायचं आहे, त्यासाठी काय करावं?" सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान केलेले फोन लागले, दुपारनंतरचे बहुधा नाही. पलीकडून मिळालेलं उत्तर अगदी सरळ होतं. अधिविभागप्रमुखांच्या नावे अर्ज करा, का यायचं ते लिहा, किती माणसं ते लिहा, आणि वेलाला कळ्या धरल्या की कळवा.

अर्ज मी मराठीतच लिहिला. वर 'मा. अधिविभागप्रमुख, वनस्पतीशास्त्र अधिविभाग', खाली विषय, मग दोन परिच्छेद. पहिल्यात मी कोण आणि कुठली. दुसऱ्यात वेल कुठे आहे, कधी दिसला, उंची साधारण किती, जमीन कशी, आजूबाजूला काय उगवतं. शेवटी येणारी माणसं दोन, मी आणि कॉलेजात शिकणारा माझा पुतण्या. सोबत आदल्या वर्षीच्या फोटोंचे रंगीत प्रिंट. हाच मजकूर ईमेलने पाठवला आणि स्पीड पोस्टानेही टाकला. पोस्टाची पावती जपून ठेवली, कारण पुढे चौकशी करताना 'अमुक तारखेला पाठवलं आहे' एवढं सांगता आलं की समोरच्याला शोधणं सोपं जातं.

त्यानंतर वाट बघणं. जुलै हा प्रवेशांचा महिना, सगळीकडे तीच धावपळ. त्यात महिन्याच्या अखेरीस पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आणि कोल्हापूरकडचे रस्ते बंद पडायला लागले. अशा वेळी आपल्या वेलाचं तुणतुणं घेऊन फोन करायला माझी जीभ रेटेना, म्हणून केला नाही. पण जीव टांगणीला होता. वेल आपल्या गतीने चढत होता, फुलं तीन-चार आठवडेच येत राहतात, आणि या वर्षीही तारीख जुळली नाही तर पुन्हा पुढचा पाऊस. ऑगस्टच्या मध्याला पहिली कळी दिसली. मी फोटो काढून ईमेल केला, 'कळी धरली आहे' एवढंच लिहून. दोन दिवसांत उत्तर आलं, गुरुवार २९ ऑगस्ट, साडेदहाला या. गणपती ७ सप्टेंबरला बसणार होते, त्यामुळे त्याच्या आतली तारीख मिळाली हे फारच बरं झालं. कोकणातल्या माणसाला गणपतीच्या आठवड्यात विद्यापीठच काय, शेजारच्या वाडीतही जाता येत नाही.

तयारीचं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात कमी माहिती असते. अधिविभागात संशोधन करणाऱ्या एका मुलीने मला फोनवर पाच मिनिटांत जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं. कांदा अजिबात उकरू नका, ओळखायला तो लागत नाही. फूल आणि दोन-तीन पेरं असलेला वेलाचा तुकडा पुरे. पण नुसता दाबून वाळवून आणू नका, कारण या फुलाची ओळख त्याच्या आतल्या तळाशी असते आणि दाबलं की ती रचना चपटी होऊन काहीच कळत नाही. म्हणून एक-दोन फुलं छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून आणा आणि तुकडा वेगळा रद्दीत दाबा. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं, औषधाची जुनी काचेची बाटली धुऊन वाळवून घेतली. बाटलीवर आणि रद्दीच्या कागदावर दोन्हीकडे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहिली. पेन्सिलीनेच, कारण स्पिरिटचा थेंब लागला की शाई पसरते. स्पिरिटमध्ये फुलाचा रंग उतरतो, म्हणून तोडण्याआधी फोटो काढायचे: समोरून, बाजूने, वरून, पानाच्या दोन्ही बाजू, देठ जिथे वेलाला मिळतो ती जागा, आणि एका फोटोत शेजारी पट्टी ठेवून. पट्टीचा फोटो फार महत्त्वाचा. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न लांबीचाच आला.

वेलाला तेव्हा सात-आठ फुलं होती. त्यातली दोन काढताना सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वेलाला हात लावून काहीतरी पुटपुटलं, मी विचारलं नाही.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने निघालो. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं असल्यामुळे माझा प्रवास स्वस्तात झाला, पुतण्याचं पूर्ण लागलं. आंबा घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हरने दिवे लावले होते. रस्ता रुंद करण्याचं काम तेव्हा ठिकठिकाणी चाललेलं होतं, त्यामुळे नेहमीपेक्षा वेळ जास्त धरून निघालो होतो. बाटली मी पर्समध्ये उभी ठेवली होती आणि दर वळणाला हात लावून बघत होते. मलकापूर, बांबवडे करत कोल्हापूरला पोहोचलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने सायबर चौकातून विद्यापीठ. केएमटीची, म्हणजे शहरातली, बसही जाते, पण हातात नमुना आणि बाहेर पाऊस असताना मी रिक्षाच केली. स्पिरिट, प्रिंट, पोस्ट, दहा पट मोठं दाखवणारं एक हातभिंग, आणि दोघांचं जाणं-येणं, खाणं, असं सगळं धरून माझे दीड हजाराच्या आत गेले. त्यातलं भिंग ही कायमची वस्तू झाली.

फाटकावर कुठे जायचं ते विचारलं गेलं. ईमेलची छापील प्रत जवळ होती, ती दाखवली. ही प्रत नक्की न्या, मोबाइलला रेंज नसेल तर अडायला नको. आवार खूप मोठं आहे, आठशे एकरांच्या वर, त्यामुळे 'फाटकात पोहोचलो म्हणजे पोहोचलो' असं नाही. मुख्य इमारतीसमोरच्या शिवरायांच्या पुतळ्याला नमस्कार करून आम्ही विचारत विचारत अधिविभागाकडे चालत गेलो. पायात बूट असावेत. चपलेने त्या दिवसात चिखलात फार हाल होतात.

ज्यांना फूल दाखवायचं होतं त्या अधिविभागातल्या सरांचा तास चालू होता, म्हणून बाकावर बसलो. तासाभराने बोलावणं आलं. या तासाभरात मला जितकी भीती वाटली तितकी वर्षभरात वाटली नव्हती. येणारी-जाणारी पोरं लॅटिन नावं सहज बोलत होती. पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, आपलं जाणं बरोबर आहे ना?" तेवढ्यात फोनवरची ती मुलगी आली, नाव विचारलं, आणि म्हणाली, "खरपुडीवाल्या ताई तुम्हीच ना? या, आधी बाग बघूया, मग तुमचं फूल." त्यानंतर भीती उरली नाही.

आता बागेबद्दल.

शेडनेटखाली ओळीने कुंड्या. प्रत्येक कुंडीत एक काडी रोवलेली आणि काडीला वेल. पहिल्या नजरेला हिरवळीशिवाय काही दिसत नाही. मग डोळे स्थिरावतात आणि एकेक फूल दिसायला लागतं. मला माझ्या चढावरचं एकच फूल ठाऊक होतं. इथे त्याच घराण्यातली कितीतरी होती. कुणाचं टोक मिटलेलं, कुणाचं छत्रीसारखं पसरलेलं, कुणी हिरवं, कुणी पिवळट, कुणावर ठिपके, कुणाच्या कडेला केस. काही तर वेलच नव्हते, ताठ उभे होते. ती मुलगी म्हणाली, कासच्या पठारावरची 'जैनी' किंवा हरिश्चंद्रगडावरची 'लॉई' यांना चढायला झाडच नसतं, नुसतं गवत आणि वारा, म्हणून त्या बुटक्या, ताठ उभ्या वाढतात. मी कास पाहिलं आहे. गर्दीतून, दोरीच्या अलीकडून. तिथे गवतात हे उभं असेल आणि मी त्याच्या पुढून गेले असेन.

माळीकाम करणारे मामा मागून येत होते. त्यांनी एक कालचं कोमेजलेलं फूल स्वतः खुडून उभं चिरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "भिंग लावा की ताई. आत बघा." नळीच्या आत खाली वळलेले बारीक केस होते. तळाशी फुगीर जागेत एक चिमुकली माशी मेलेली. मग त्या मुलीने सांगितलं ते असं. फुलाच्या वासाने माशी पिंजऱ्यातून आत शिरते आणि नळीतून घसरत तळाशी जाते. केस खाली वळलेले असल्यामुळे आत जाता येतं, वर येता येत नाही. तळाशी फिरताना परागांचे चिमुकले पुंजके तिच्या तोंडाला अडकतात. मग केस मरगळतात, वाट मोकळी होते, आणि माशी ते पुंजके घेऊन पुढच्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. पराग असे पुंजक्याने जाणं हे रुईच्या फुलातही होतं, हे दोघं एकाच कुळातले. आमच्या परसात रुई आहे, मारुतीला दर शनिवारी तिच्या पानांची माळ जाते, आणि खरपुडी तिची नातलग आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं. मी मामांना विचारलं, ही माशी मेली कशी? ते म्हणाले, "सगळ्याच सुटत नाहीत."

कुंडीवरच्या पाट्या वाचायला शिकून घ्या. आपण नाव वाचून पुढे जातो, पण खरी गोष्ट नावाखाली असते: कूळ, कुठून आणली ती जागा, आणि एक क्रमांक. त्या क्रमांकावरून नोंदवहीत तिचा सगळा प्रवास सापडतो, कुणी, कधी, कोणत्या डोंगरावरून आणली. उद्या तो डोंगर खणला गेला तरी तिथलं बी कुठलं होतं हे ठाऊक असल्याशिवाय ते परत लावता येत नाही. दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत ही जागा कधीकधी पाटीवर मुद्दाम मोघम लिहितात, कारण कांदे उकरून विकणारे लोक असतात. मलाही सांगण्यात आलं की दुर्मीळ काही सापडलं तर फोटोसोबत नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असते, ती आधी बंद करा.

एका बाजूला शिंदळ माकुडी होती. नाव ऐकलेलं, पाहिली पहिल्यांदाच. मांसल काड्या, जाड पानं, आणि या मोसमातलं एक फूल उमललेलं, गडद किरमिजी, त्यावर पिवळ्या खुणा. शास्त्रात ती 'फ्रेरिया इंडिका' नावाने आली १८६४-६५ च्या सुमारास. डाल्झेल या वनस्पतीतज्ज्ञाने ती नोंदवली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं नाव तिला दिलं. शिवनेरी, सज्जनगड अशा ठिकाणी उभ्या कड्यांच्या कपारीत ती तग धरून असते. उन्हाळ्यात पानं झाडून नुसत्या काड्यांवर राहते. शिवनेरीला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. कड्याकडे कुणी बोट केलं नव्हतं. आता पुतण्याने तिचे इतके फोटो काढले की शेवटी मामाच म्हणाले, "बास की, लाजली ती."

आणि मग सोनघंटा. फूल नव्हतं, नुसतं झुडूप, भेंडीच्या कुळातलं असावं असं पान. मी पुढे सरकणार तर ती मुलगी म्हणाली, "ही तुमच्या वाटेवरची आहे. आंबा घाटातली." 'अब्युटिलॉन रानडेई'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवलेली, रानडे या मराठी संग्राहकाच्या नावाची, आणि जगात फक्त आपल्या सह्याद्रीत. ज्या घाटातून मी माहेरी, बाजाराला, दवाखान्याला शेकडो वेळा गेले त्या घाटातलं हे झाड मला पहिल्यांदा कुंडीत भेटलं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. फूल पाहायचं असेल तर थंडीत या, असं त्यांनी सांगितलं. बागेत जाण्याची तारीख आपल्या सुट्टीवरून ठरवू नये. काय पाहायचं आहे ते आधी सांगावं आणि ते कधी फुलतं ते विचारून जावं. ऑगस्टमध्ये गेलात तर कंदीलपुष्पं मिळतील, सोनघंटा मिळणार नाही. मे महिन्यात गेलात तर यातलं बरंचसं मातीखाली झोपलेलं असेल आणि कुंड्या रिकाम्या वाटतील.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर माझ्या बाटलीची पाळी आली. फूल पेट्रीडिशमध्ये काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तळाचा फुगीर भाग चिमट्याने उघडला, आत मुकुटासारखी रचना असते तिला कोरोना म्हणतात, तिचे केस आणि आकार पाहिले, फोटोतल्या पट्टीवरून नळीची लांबी घेतली, पानाची लव पाहिली. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सेरोपेजिया हिरसुटा. हमण." वाइट आणि अर्नॉट या दोन वनस्पतीतज्ज्ञांनी १८३४ मध्ये नोंदवलेली. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आढळते. दुर्मीळ नाही.

आत कुठेतरी मला वाटत होतं की आमची काहीतरी वेगळी निघेल. ते निघालं नाही, आणि तरीही मला भरून आलं. ज्याला आम्ही नुसतं बोट दाखवत होतो त्याला आता पूर्ण नाव होतं, आणि ते नाव देताना एका मोठ्या माणसाने माझ्या दोन फुलांवर आपला अर्धा तास खर्च केला होता. मी सासूबाईंचं 'आता दिसते कुठे' त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ही माहिती आमच्याकडे नसते. पन्नास वर्षांपूर्वी तुमच्या चढावर ती किती होती हे कुठल्याही संग्रहात लिहिलेलं नाही, ते तुमच्या सासूबाईंनाच ठाऊक. ते लिहून काढा. वणवा कधी लागायचा, गुरं कधी सोडायचे, कांदे किती उकरायचे, सगळं.

हर्बेरियमही दाखवलं. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदांवर शिवलेले, चिकटवलेले नमुने. कपाटातल्या कागदांना आपण होऊन हात लावू नये. जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून पाऱ्याचं विषारी संयुग लावायची पद्धत होती. हिरसुटाचे कागद काढून दाखवले. वेगवेगळ्या तालुक्यांतले, वेगवेगळ्या सालचे, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. माझ्या रद्दीतला तुकडा नीट दाबला गेला होता. मला चिठ्ठीचा नमुना दिला: नाव, जागा, तारीख, उंची, परिसर, गोळा करणाऱ्याचं नाव. शेवटच्या रकान्यात मी सासूबाईंचं नाव लिहिलं. वेल त्यांनीच दाखवला होता.

वनस्पतीच्या ओळखीचं अधिकृत पत्र हवं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. औषधांवर किंवा वनस्पतींवर संशोधन करणाऱ्यांना ते लागतं. मला त्याची गरज नव्हती. फोटोच्या प्रिंटवर नाव आणि तारीख लिहून मिळाली, तेवढी पुरली. संध्याकाळची एसटी गाठायची म्हणून साडेचारला निघालो. पावसाळ्यात आंबा घाट अंधाराच्या आत उतरलेला बरा.

परत आल्यावरचं एक काम अजून चालू आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, हे मला विद्यापीठातच कळलं. गणपती झाल्यावर ग्रामसेवकांना भेटले. नोंदवही आहे, त्यात आंबा, फणस, कोकम, हिरडा आहेत, खरपुडी नाही. प्रिंटची झेरॉक्स आणि सासूबाईंनी सांगितलेली, मी वहीत उतरवून घेतलेली तीन पानं अर्जासोबत दिली आणि आवक क्रमांक घेतला. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाले आहेत. दरम्यान वेलाला शेंगांची एक जोडी धरली आहे. मामांनी सांगितल्याप्रमाणे तिच्याभोवती जुन्या मच्छरदाणीची पिशवी बांधली आहे, कारण शेंग तडकली की रुईसारखं केसाळ बी वाऱ्यावर निघून जातं. अर्धं बी तिथेच चढावर पेरायचं आणि अर्धं कुणाला हवं असल्यास विचारून द्यायचं, असं घरात ठरलं आहे.